ऑफर मंजूर, घर अधांतरी

नमस्कार ताई,

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. दोघंही आयटीत, मुलगी चार वर्षांची. सहा वर्षं भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढल्यावर एक टेरेस्ड घर मनात भरलं. ४,२५,००० पौंडांची आमची ऑफर मान्य झाली, त्याला साडेचार महिने झाले. सर्व्हे झाला, सर्चेस (काउन्सिलकडच्या वगैरे नोंदींची तपासणी) आल्या, मॉर्गेज ऑफर, म्हणजे बँकेची गृहकर्जाची मंजुरी, हातात आहे, पण तिची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. सॉलिसिटर (आमचा खरेदीचा वकील) दर वेळी एकच ओळ पाठवतो : एन्क्वायरीजच्या, म्हणजे मालकाच्या वकिलाला विचारलेल्या प्रश्नांच्या, उत्तरांची वाट बघतोय. लॉफ्टमधल्या खोलीचं कसलंसं सर्टिफिकेट घर विकणाऱ्या मालकाकडे नाही, त्याऐवजी विमा काढून देतो म्हणतात. नवरा म्हणतो, मी सरळ काउन्सिलला फोन लावून विचारतो. आमचा मालक जे घर घेतोय त्या घराची मालकीण वारली आहे, एवढं एजंटकडून कळलं.

बाबा डिपॉझिटला पैसे देणार आहेत, तर सॉलिसिटरनं त्यांच्याकडे पैसे आले कुठून याचे पुरावे मागितले. बाबांनी उभा जन्म एसटीत नोकरी केली. ‘मी काय चोर आहे का?’ म्हणाले आणि दोन दिवस फोन उचलला नाही. सासूबाईंनी मुहूर्त काढून वास्तुशांतीसाठी तिकिटं काढून टाकली आहेत. पुण्यात वारज्याला बाबांनी फ्लॅट घेतला तेव्हा माझंही नाव लावलं होतं, पण आमच्या दोघांच्या हिमतीवर होणारं हे पहिलंच घर, म्हणून जीव इतका गुंतलाय. रोज रात्री आमची भांडणं होतात. सॉलिसिटर आम्हाला फसवतोय का? हे घर सोडून द्यावं का?

– खोक्यांच्या गराड्यात बसलेली, रेडिंग

*

प्रिय खोकेवाली ताई,

सॉलिसिटर फसवत नाहीये. घर सोडू नका, निदान आज तरी नको. पण तुमच्या पत्रात मला धडकी भरवणारं वाक्य उशिराचं नाहीच. ते वारज्याच्या फ्लॅटचं आहे. तुम्ही ते जाता जाता लिहून गेलात, म्हणून मी सुरुवात तिथूनच करते.

सॉलिसिटरच्या फॉर्मवर ‘फर्स्ट टाइम बायर’च्या चौकटीत तुम्ही टिक केली असणार. आपली बरीच मंडळी करतात, कारण ‘इथे’ हे पहिलंच घर असतं. इथल्या कायद्याला ‘इथे’ पुरत नाही. जगाच्या पाठीवर कुठेही, कधीही राहत्या घरात तुमची मालकी झाली असेल, तर तुम्ही फर्स्ट टाइम बायर नाही. आणि दोघं मिळून घर घेत असाल तर दोघंही तसे असावे लागतात, एकटा नवरा असून भागत नाही.

आता आकडे बघा. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी ४,२५,००० पौंडांच्या घरावर फर्स्ट टाइम बायरला ६,२५० पौंड स्टॅम्प ड्यूटी पडते. ती सवलत गेली की नेहमीच्या दरानं ११,२५० पौंड. इथवर ठीक आहे, पोटाला चिमटा घेऊन भरता येईल. पण त्यापुढे आणखी एक पायरी आहे. घर ताब्यात घ्यायच्या दिवशी तुमच्याकडे जगात दुसरीकडे ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचा घराचा हिस्सा असेल, तर पूर्ण किमतीवर पाच टक्के जादा लागतात. ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी हा दर तीनवरून पाच केला. मग बेरीज होते ३२,५०० पौंड. तुम्ही धरून चालला आहात त्यापेक्षा २६,२५० पौंड जास्त. रुपयांत तीस लाखांच्या वर.

वारज्यातल्या टू-बीएचकेला आज कोटभर धरले आणि त्यातला निम्मा हिस्सा तुमचा म्हटला, तर पन्नास लाख होतात. म्हणजे चाळीस हजार पौंडांच्या जरासं पुढे. अगदी काठावर आहात! अशा वेळी अंदाजपंचे चालत नाही. नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून फ्लॅटची किंमत लेखी काढून घ्या आणि पौंडाचा भाव कुठल्या दिवसाचा धरायचा ते सॉलिसिटरला विचारा. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. तुमचं नाव बाबांनी ‘पुढे कटकट नको’ म्हणून लावलं होतं, की तुम्ही खरोखर पैसे घातले होते? आपल्याकडे मुलांचं नाव सोयीसाठी लावायची रीतच आहे. इथला कर खरा लाभ कुणाचा हे बघतो, पण ते शाबीत करायला कागद लागतात. सगळा पैसा बाबांच्या खात्यातून गेला, भाडं येत असेल तर तेही त्यांच्याच खात्यात जातं, असं दाखवता आलं तर बोलायला जागा राहते. ते ठरवणं माझं काम नाही, तुमचंही नाही. स्टॅम्प ड्यूटीतला जाणकार कर सल्लागार गाठा. घरखरेदीचे कागद करणारे साधे कन्व्हेयन्सर अशा प्रश्नाला हात लावायला बिचकतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

कुणीतरी तुम्हाला नक्की सांगेल की घर एकट्या नवऱ्याच्या नावावर घ्या, प्रश्न मिटला. मिटत नाही. या जादा कराच्या बाबतीत एकत्र राहणारे नवरा-बायको एकच धरले जातात.

आणि कुणी म्हणेल, पुण्याचं इथे कोण बघायला येतंय? ताई, डिपॉझिटचे पैसे पुण्याहूनच येताहेत, त्यांच्यासोबत बाबांचे कागदही येणार आहेत. शिवाय स्टॅम्प ड्यूटीचं विवरण सॉलिसिटर भरत असला तरी त्यातल्या खरेपणाची जबाबदारी तुमची असते. नंतर सापडलं तर कर, व्याज आणि वर दंड.

आता तुम्हाला शिव्या घालाव्याशा वाटणाऱ्या या साडेचार महिन्यांकडे पुन्हा बघा. एक्स्चेंज (सह्या केलेल्या करारांची अदलाबदल) झालेलं नाही, म्हणजे तुम्ही अजून कशालाही बांधलेल्या नाही. पुण्यातला हिस्सा हक्कसोडपत्रानं किंवा बक्षीसपत्रानं बाबांच्या नावे करायचा झाला, तर तो घराचा ताबा मिळायच्या आधी, नोंदणीसकट व्हायला हवा. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तुम्ही स्वतः जाणार नसाल तर मुखत्यारपत्र लागेल, त्याला वेळ जातो. फर्स्ट टाइम बायरची सवलत त्यानं परत मिळणार नाही, पण पाच टक्के वाचू शकतात. अर्थात कर वाचवायला हक्क सोडायचा का, हा घरातला प्रश्न आहे. भावंडं असतील तर त्यांच्याशीही आत्ताच बोला, पाच वर्षांनी नको. एकूण काय, हा उशीर तुमच्या पथ्यावर पडलाय. पुढच्या शुक्रवारी किल्ल्या हातात पडल्या असत्या तर मी हे पत्र वाचून नुसती हळहळले असते.

आता उशिराकडे वळू.

आपल्याकडे इसार दिला, साठेखत नोंदवलं की मालकाला सहजासहजी हात झटकता येत नाहीत. इंग्लंडमध्ये ऑफर मान्य होते तेव्हा तुम्ही मालकाला एक छदामही दिलेला नसतो आणि दोन्ही बाजू मोकळ्या असतात. जमिनीचा करार लेखी आणि सह्यांसकट असल्याशिवाय करारच नाही, असं इथला १९८९ चा कायदा सांगतो, आणि तो क्षण येतो एक्स्चेंजला. त्या दिवशी साधारण दहा टक्के डिपॉझिट जातं आणि त्यानंतर मागे फिरणाऱ्याला ते महागात पडतं. तोवर मालक जास्त पैसे देणाऱ्याकडे जाऊ शकतो आणि तुम्हीही आदल्या दिवशी भाव पाडून मागू शकता. स्कॉटलंडमध्ये हे असं नाही, तिथे व्यवहार लवकर बांधला जातो. मला इंग्लंडची पद्धत कधीच शहाणपणाची वाटलेली नाही. विकणाऱ्यानं घराची माहिती आधीच गोळा करून ठेवावी म्हणून २००७ मध्ये होम इन्फर्मेशन पॅक सक्तीचे केले होते, २०१० मध्ये ते गुंडाळले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारनं जवळपास तोच विचार पुन्हा प्रस्ताव म्हणून मांडला. तुमच्या व्यवहाराला त्याचा काही उपयोग नाही. ऑफरपासून किल्लीपर्यंत पाचेक महिने जाणं हे आज इथे सर्रास आहे, इतकंच सांगते.

तुमच्या साखळीत, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या या घरविक्रींच्या रांगेत, नेमकं काय अडलंय ते मला पत्रातूनच दिसतंय, आणि तुमच्या एजंटनं ते तुम्हाला नीट सांगायला हवं होतं. तुमचा मालक ज्या घरात जाणार त्याची मालकीण वारली. म्हणजे ते घर वारस किंवा मृत्युपत्राचे व्यवस्थापक विकताहेत, आणि प्रोबेट, म्हणजे गेलेल्या माणसाची मालमत्ता हाताळायची कोर्टाची परवानगी, हातात पडल्याशिवाय त्यांना व्यवहार पूर्ण करता येत नाही. घर बाजारात मांडता येतं, ऑफर घेता येते, पुढे मात्र गाडी हलत नाही. तुमच्या सॉलिसिटरनं रात्रंदिवस काम केलं तरी इथे त्याचा हात पोचत नाही.

म्हणून एजंटला फोन करा आणि एकच विचारा : प्रोबेटचा अर्ज कधी दिला? ‘दिलाय वाटतं’ हे उत्तर चालवून घेऊ नका, तारीख मागा. अर्ज जाऊन बरेच आठवडे झाले असतील तर थांबण्यात अर्थ आहे. अजून दिलाच नसेल तर मालकाला विचारा, तुम्ही तात्पुरते भाड्यानं राहून साखळी तोडाल का? पुष्कळ जण नाही म्हणतात, पण विचारायला काय जातं? एजंट मालकाचा माणूस असतो हे खरं, त्याची फी मालक देतो. पण ती बहुतेक वेळा व्यवहार पूर्ण झाल्यावरच मिळते, त्यामुळे ढकलगाडी करायला त्याच्याइतका गरजू माणूस साखळीत दुसरा नाही. त्याला वापरा.

सॉलिसिटरला रोज ईमेल करू नका. तुमची फाइल ज्या टेबलावर आहे तिथे आणखी शे-दीडशे फाइली असतात आणि तुमचं पाचवं पत्र वाचण्यात गेलेला वेळ तुमच्याच कामातून जातो. आठवड्यातून एकदा फोन, ठरलेल्या दिवशी. शुक्रवार टाळा, त्या दिवशी सगळ्या इंग्लंडला घर बदलायचं असतं. ‘काय झालं?’ असं मोघम विचारलंत की ‘वाट बघतोय’ हेच उत्तर येणार. कुठल्या एन्क्वायरीज उरल्यात, त्यांचे क्रमांक काय, आणि प्रत्येक कुणाकडे अडलीय, असं विचारा. तुमच्याकडचा एखादा कागदही अडलेला असू शकतो. बरेचदा असतोच, आणि तुमच्या बाबतीत तो बाबांचा आहे.

बाबांकडे येण्याआधी लॉफ्ट, कारण ते तातडीचं आहे. नवऱ्याला आजच सांगा : काउन्सिलला फोन करायचा नाही. ज्या विम्याचं बोलणं चाललंय तो बिल्डिंग रेग्युलेशनचं सर्टिफिकेट नसल्यामुळे काउन्सिलनं कारवाई केली तर होणारा खर्च देतो. कुणी आधीच काउन्सिलला कळवलं असेल तर विमा कंपन्या तो सहसा देतच नाहीत. एक उत्साही फोन, आणि हातातला पर्याय गेला. पण माझं म्हणणं असं की नुसत्या विम्यावर समाधान मानू नका. विमा कागद सांभाळतो, तुळई सांभाळत नाही. त्या खोलीत तुमची मुलगी झोपणार असेल तर जमिनीच्या तुळया वजन पेलतात का, आगीच्या वेळी खाली उतरायला सुरक्षित वाट आहे का, जिना नीट बसवलाय का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून किंवा लेव्हल थ्री, म्हणजे सगळ्यात सविस्तर सर्व्हे करणाऱ्याकडून बघून घ्या. बँकेनं केलेलं व्हॅल्युएशन म्हणजे सर्व्हे नव्हे, ते तिच्या कर्जापुरतं असतं. आणि जाहिरातीत ही खोली ‘चौथी बेडरूम’ म्हणून मोजली होती का ते काढून बघा. सर्टिफिकेट नसलेल्या खोलीला बेडरूमचा भाव द्यायचा नसतो. घासाघीस करायला ही जागा आहे, आणि एक्स्चेंज व्हायचं असेपर्यंतच आहे.

मॉर्गेज ऑफरची मुदत वाढवून मिळते का ते ब्रोकरला या आठवड्यातच विचारा, शेवटच्या दिवशी नको. काही बँका पुन्हा पगाराच्या स्लिपा मागतात, काही नव्यानं व्हॅल्युएशन करतात. तुम्ही व्हिसावर असाल तर व्हिसाची उरलेली मुदतही बघतात, तेही विचारून ठेवा. मधल्या काळात नवी गाडी, नवं क्रेडिट कार्ड, नोकरीत बदल, काही नको.

आता बाबा. त्यांच्याशी तुम्ही बोलू नका, नवऱ्याला बोलू द्या. जावयानं समजावलेलं सासऱ्यांना लवकर पटतं, हा अन्याय आहे पण उपयोगी आहे. त्यांना सांगायचं ते असं : काळा पैसा रोखायच्या नियमांखाली इथल्या प्रत्येक सॉलिसिटरला प्रत्येक ग्राहकाच्या पैशाचा उगम विचारावाच लागतो, गोऱ्या इंग्रज बापालाही. नाही विचारलं तर त्याचा परवाना धोक्यात येतो. मग कागद : निवृत्तीच्या वेळी पीएफ आणि ग्रॅच्युइटी जमा झाल्याची नोंद दाखवणारं पासबुक, एफडीच्या पावत्या, गेल्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट. गावाकडची जमीन विकून पैसे आले असतील तर खरेदीखत आणि सातबारा, आणि ते मराठीत असल्यामुळे इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून. पासबुकावर मधेच एखादी चार लाखांची रोख जमा दिसत असेल तर तिचं स्पष्टीकरण आधीच लिहून ठेवा, प्रश्न तिथेच येणार.

सोबत एक पत्र लागेल की ही भेट आहे, कर्ज नाही, आणि घरात बाबांचा हिस्सा राहणार नाही. हे खरं असेल तरच सही घ्या. ‘जमेल तसे परत कर’ असं त्यांच्या मनात असेल तर ते कर्ज झालं, आणि बँकेला ते सांगावं लागेल. पैसे पाठवायची मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, ती तुम्हाला आडवी येणार नाही. मात्र दहा लाखांच्या वरच्या रकमेवर त्यांची बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून घेईल. तो त्यांच्या आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर तेवढी रक्कम जास्तीची हाताशी लागते. हे त्यांना बँकेच्या काउंटरवर उभं असताना कळायला नको. आईच्या नावावर वेगळे पैसे असतील तर तिच्या खात्यातून वेगळे पाठवता येतात.

पैशाचंच आणखी एक, कारण यात लोकांची आयुष्यभराची पुंजी गेलेली आहे. डिपॉझिट भरायच्या सुमारास सॉलिसिटरच्या नावानं ‘आमचं खातं बदललंय’ असा ईमेल आला तर तो खोटा आहे असंच धरून चाला. पैसे पाठवण्याआधी पहिल्या छापील पत्रावरच्या नंबरला स्वतः फोन करून खाते क्रमांक अंकान् अंक वाचून घ्या. आधी थोडे पौंड पाठवून पोचल्याची खात्री करा.

सासूबाईंची तिकिटं. मुहूर्त पंचांगातून निघतो आणि प्रोबेट कोर्टातून. दोघांची गाठ घालायच्या फंदात पडू नका. त्यांना येऊ द्या. भाड्याच्या घरात राहतील, नातीला शाळेत सोडतील, तुम्हा दोघांना एखाद्या संध्याकाळी बाहेर पडता येईल, आणि तुमची भांडणं मी वाचते आहे त्यावरून त्याची गरज वास्तुशांतीपेक्षा जास्त आहे. शांत नंतर करता येते. राहायला गेल्यावर वर्षभरानं केलेली घरं मी बघितली आहेत, वास्तुपुरुषानं कुणाला हाकललेलं नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, गुरुजी मिळवून द्यायला तिथे कुणी ना कुणी भेटतंच. होमाच्या आधी स्मोक अलार्मवर काय झाकायचं आणि ते नंतर आठवणीनं काढायचं, हेही तेच सांगतील.

भाड्याच्या घराची नोटीस एक्स्चेंज होईपर्यंत देऊ नका. खोकी बांधून झाली असतील तर निदान कुकर आणि मुलीची खेळणी बाहेर काढा. अशा गराड्यात महिनोन्‌महिने राहून भांडण होणार नाही तर काय होईल?

सोडायचं कधी, हे विचारलंत. माझ्या मते दोनच कारणांनी : प्रोबेटचा अर्जच गेलेला नसेल आणि मालक भाड्यानं राहायला तयार नसेल, किंवा फ्लॅटचा हिशेब ३२,५०० वरच थांबला आणि तेवढे पैसे उभे राहत नसतील. सर्व्हेचे आणि सर्चेसचे पैसे गेले म्हणून अडकून राहू नका, ते दोन्ही बाजूंनी गेलेलेच आहेत.

फोनचा क्रम असा ठेवा : आधी सॉलिसिटरला फ्लॅटचं सांगा, मग ब्रोकर, मग एजंट. आणि आज रात्री भारतात पहाट व्हायच्या आत बाबांना व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा की वारज्याच्या फ्लॅटचा नोंदणीकृत करारनामा आणि इंडेक्स टू, दोन्हींचे सगळ्या पानांचे फोटो हवेत. ‘का?’ विचारतील. जावई फोन करून सांगेल म्हणा.